एम.कॉम. (ऑनलाइन) : कालबाह्य पाठ आणि चुकीच्या उत्तरतालिकेबाबत तक्रार

बार्शी, जि. सोलापूर
जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन पदवी विभाग

महोदय / महोदया,

मी बार्शीत एका करसल्लागारांच्या कार्यालयात नोकरी करते आणि जुलै २०२४ पासून आपल्या कंपनीच्या ॲपवर विद्यापीठाचे एम.कॉम. शिकते आहे. डिसेंबरच्या परीक्षेत प्रत्यक्ष कर या विषयात एक प्रश्न होता : सूचिबद्ध शेअरवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याला (म्हणजे शेअर बाजारातले शेअर वर्षाहून जास्त ठेवून विकल्यावरच्या नफ्याला) आयकर कायद्याच्या कलम ११२अ नुसार कराचा दर किती? पर्याय १०, १५, २० टक्के आणि ‘यापैकी नाही’. मी ‘यापैकी नाही’ निवडले. निकालात ते चूक ठरले आणि ‘१० टक्के’ हे उत्तर बरोबर दाखवले गेले.

२३ जुलै २०२४ पासून हा दर साडेबारा टक्के आहे. करमुक्त मर्यादाही १ लाखावरून सव्वा लाखावर गेली आहे. गेल्या सप्टेंबरात याच दराने मी आमच्या कार्यालयात अशिलांची विवरणपत्रे तयार केली. जे रोज हाताखालून जाते, तेच परीक्षेत चूक ठरले. मी तक्रार नोंदवली तेव्हा हेल्पडेस्कचे उत्तर आले : ‘उत्तर अभ्यास साहित्यानुसार तपासले आहे.’ म्हणजे साहित्य चुकले असेल तर बरोबर उत्तर देणाऱ्याचेच गुण जाणार.

म्हणून मी ते साहित्य पहिल्या पाठापासून पुन्हा पाहिले. भांडवली नफ्याचा पाठ जुना आहेच. पण मला जास्त धक्का बसला तो लेखांकनाच्या भाडेपट्ट्यावरील पाठाने. शीर्षकात ‘इंड एएस’ (मोठ्या कंपन्यांना लागू असलेली भारतीय लेखा मानके) लिहिले आहे आणि शिकवले आहे इंड एएस १७. ते मानक १ एप्रिल २०१९ पासून गेले आणि त्याच्या जागी इंड एएस ११६ आले. आता भाड्याने घेणाऱ्या कंपनीला अल्पमुदतीचे व कमी किमतीचे व्यवहार वगळता जवळजवळ प्रत्येक भाडेपट्टा ताळेबंदात मालमत्ता आणि देणे म्हणून दाखवावा लागतो. आपल्या पाठातले सर सांगतात, कार्यचालन भाडेपट्टा (ऑपरेटिंग लीज, म्हणजे वस्तू फक्त वापरापुरती भाड्याने घेणे) ताळेबंदात येत नाही, फक्त भाडे खर्चात टाका. छोट्या कंपन्यांना भाडेपट्ट्याचे जुने मानक एएस १९ अजून लागू आहे, हे मला माहीत आहे. पण पाठ त्यांच्याबद्दल नाही. मुलाखतीत कुणी हे उत्तर दिले तर समोरचा पुढचा प्रश्नही विचारणार नाही.

सरांना मी दोष देत नाही. त्यांनी ज्या दिवशी शिकवले त्या दिवशी ते बरोबरच असेल. पण तो दिवस कोणता, हे पाठावर कुठेच लिहिलेले नाही. साध्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरसुद्धा आवृत्तीचे साल असते, त्यामुळे जुने पुस्तक हाती आले तर विद्यार्थी सावध होतो. तुमच्या व्हिडिओवर ती सोय नाही.

फीडबॅक फॉर्मबद्दलही बोलायला हवे. तो भरल्याशिवाय हॉलतिकीट उघडत नाही. त्यात फक्त १ ते ५ तारे आहेत. अमुक पाठात अमुक मिनिटाला चूक आहे, असे लिहायला ओळभर जागा नाही. तीन सत्रांत तीनदा मी तो भरला, आणि त्यानंतर एकही पाठ बदललेला दिसला नाही.

माझ्या वर्गातली एक मैत्रीण कानाने कमी ऐकते. ती पूर्णपणे व्हिडिओखाली उमटणाऱ्या अक्षरांवर (सबटायटल्सवर) अवलंबून आहे आणि तिथे ‘लीज’च्या जागी ‘लीस्ट’, ‘डेटर’ (ऋणको) च्या जागी ‘डॉटर’ उमटते. तिने तोच पाठ चार वेळा पाहिला आणि शेवटी मला फोन केला. तिची फीसुद्धा माझ्याइतकीच आहे.

आपण म्हणता, मजकूर विद्यापीठाचा. विद्यापीठाच्या कार्यालयात विचारले तर म्हणतात, पाठ कंपनीच्या ॲपवर आहेत, त्यांना विचारा. यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीनुसार ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेत अंतर्गत गुणवत्ता हमी केंद्र असणे बंधनकारक आहे. हे पाठ त्या केंद्राने शेवटचे कधी तपासले आणि तपासणीत काय निघाले, एवढे मला लेखी कळवा.

हे आता निकडीचे आहे. येत्या १ एप्रिलपासून नवा आयकर कायदा लागू होतो आहे. कलमांचे क्रमांक बदलतील, ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ येईल. पाठ असेच राहिले तर माझ्या मागून येणारी मुले रद्द झालेला कायदा पाठ करतील. माझ्या चौथ्या सत्रात जीएसटी आहे. तिथले पाठ कालच उघडून पाहिले, तर त्यांत ५, १२, १८, २८ असेच टप्पे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या, हे आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदारालाही ठाऊक आहे.

मला फी परत नको. मला ही पदवी हवी आहे. माझी आई लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाली. घरी बसून शिकलेले कमी प्रतीचे नसते, हे मी तिच्याकडे पाहून शिकले, म्हणूनच मी ऑनलाइन प्रवेश घेतला. मला हवे आहे ते असे : त्या प्रश्नाचे गुण माझ्यासकट ज्यांचे गेले त्या सर्वांना द्या. एमपीएससी पूर्वपरीक्षेनंतर उत्तरतालिका जाहीर करून हरकती मागवते, तसे प्रत्येक परीक्षेनंतर करा. प्रत्येक पाठावर तो शेवटचा कधी तपासला ती तारीख टाका, आणि चूक कळवायला पाठाखालीच जागा द्या. कर आणि जीएसटीचे पाठ चौथे सत्र सुरू होण्याआधी विषयतज्ज्ञाकडून तपासून घ्या. तोवर निदान ‘हा पाठ जुन्या तरतुदींवर आहे’ अशी सूचना तरी लावा.

१५ फेब्रुवारीपर्यंत लेखी उत्तर न आल्यास मी विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे आणि तिथून विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाईन.

सोबत प्रश्नाचा आणि निकालाचा स्क्रीनशॉट, हेल्पडेस्कचे उत्तर, आणि मला सापडलेल्या १७ चुकांची पाठ व मिनिटनिहाय यादी जोडली आहे. ती यादी आपल्या तज्ज्ञांच्या उपयोगी पडेल. कुठे शंका आली तर मला संध्याकाळी सातनंतर फोन करावा.

आपली,
एम.कॉम. (ऑनलाइन) तिसऱ्या सत्राची विद्यार्थिनी