पुरावा नसेल तर याचिका कशाला?

संपादक महोदय,

निकाल लागला की अमळनेर-पारोळ्याच्या चहाच्या टपऱ्यांवर ‘आता कोर्टात खेचतो’ सुरू होतं. विधानसभेच्या निकालाला आव्हान ४५ दिवसांत उच्च न्यायालयातच द्यावं लागतं. खान्देशासाठी औरंगाबाद खंडपीठात. २००० रुपये अनामत किरकोळ, खरी अडचण १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८३ची. मतांसाठी पैसे वाटल्याचा आरोप असेल तर ते कोणी, कुठे, कधी, कोणाला वाटले हे नेमकं लिहून शपथपत्र जोडावं लागतं. ‘मशीनमध्ये घोळ झाला’ एवढ्यावर भागत नाही. सहा महिन्यांत निकाल लागावा ही कायद्याची अपेक्षा; पोकळ याचिकांमुळे खऱ्या तक्रारदाराचाही खोळंबा होतो. कार्यकर्त्यांकडून वर्गणी मागण्याआधी नेत्यांनी पुरावे आधी वकिलापुढे ठेवावेत, ही कळकळीची विनंती.

– एक मतदार, अमळनेर (जि. जळगाव)