अण्णा, एक्सलचं सील बदललंय

आई, अण्णा,
साष्टांग नमस्कार.

आई, हे तूच मोठ्यानं वाच. अण्णांच्या डोळ्याला अजून ताण नको.

अण्णा, तुम्ही दोघं मिरजेला दादाकडे होता तेव्हा मी ट्रॅक्टर उघडला. न विचारता. विचारलं असतं तर "हंगाम होऊ दे" म्हणाला असता, आणि तीन हंगाम आपण तेच म्हणतोय. कालव्याच्या पुलावरचं मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नका, आणि आत्ता आईकडे बघूही नका. ब्रेक दाबल्यावर ट्रॅक्टर उजवीकडे ओढला, म्हणजे डावा ब्रेक लागतच नव्हता. मागं उसाची ट्रॉली होती. मला दोन रात्री झोप आली नाही.

मागच्या चाकाशी तेल गळतंय म्हटलं की "जुनं यंत्र आहे, घाम यायचाच," असं तुमचं म्हणणं. मलाही आधी जोडाचं पॅकिंगच वाटलं. म्हणून सगळा भाग डिझेलनं धुतला, फडक्यानं कोरडा केला आणि वर पावडर भुरभुरली. (आई, तुझी पावडर. नवा डबा कपाटात ठेवलाय.) अर्धा तास मोकळ्या रानात फिरवला. जोड पांढराच राहिला. एक्सल जिथं हाऊसिंगमधून, म्हणजे त्याच्या लोखंडी कवचातून, बाहेर येतो तिथून मात्र एक ओली रेघ निघाली आणि ब्रेकच्या ड्रमखाली गेली. आपले ब्रेक सळईवर चालणारे, त्यांत तेल असतंच कुठं? ते मधाच्या रंगाचं, उग्र वासाचं तेल मागच्या गिअरच्या पेटीतलंच.

चूक तुमची नाही हो. पेटीवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायची वाट, चिखलानं लिंपून बंद झाला होता. तेल तापलं की आतली हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती सीलवर, एक्सलभोवती तेल अडवणाऱ्या कड्यावर, जोर काढते. त्यात तुम्ही काळजीपोटी दर पंधरा दिवसांनी तेल ओतायचा, ते खुणेच्या जरा वर जायचं. जराच.

चौकातल्या मिस्त्रींना बोलावलं. पुढच्या चाकांना दगड लावले, मागं जॅकवर भरवसा न ठेवता लाकडी ओंडके दिले, मग चाक काढलं. सीलचा ओठ, एक्सलला टेकणारी त्याची कड, वाळल्या शेंगेसारखा कडक झाला होता, वाकवला तर तुटला. एक्सलवर त्या ओठानं घासून चर पाडला होता, नख अडकत होतं. नुसतं नवं सील जुन्या जागी ठोकलं असतं तर दिवाळीपर्यंत पुन्हा गळलं असतं. म्हणून दोन मिलिमीटर आत बसवलं, ओठ कोऱ्या जागेवर येईल असं. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, ओठाला ग्रीस, आणि ठोकायला पाइपचा तुकडा, म्हणजे सील सगळीकडून सारखं जातं. बेअरिंगही बदललं, ढिलं होतं. तेल प्यायलेले ब्रेकचे लायनर पेट्रोलनं धुऊन घालू म्हणत होते मिस्त्री. मी नाही ऐकलं. दोन्ही बाजूंचे नवे घातले. खर्चाचं विचारू नका.

बॅटरी धरायला कुणी नव्हतं. तुमचंच वाक्य आठवलं, "उजेड माझ्या हातावर नको, नटावर पाड." मी उभ्या-उभ्या पेंगायची आणि उजेड गोठ्यावर जायचा, तरी तुम्ही कधी ओरडला नाहीत. खांद्यावर टाकून घरात आणायचा, शर्टाला ग्रीसचा वास. परवा माझ्या ओढणीला तोच वास आला, धुवावीशी वाटेना.

आई, आता पुढचं जरा हळू वाच.

या हंगामात ट्रॉली काकांचा बारका ओढेल. मी त्याच्याशी बोललेय, पगारही ठरलाय. तुम्हाला जमत नाही म्हणून नाही. ऑपरेशन झालंय, धूळ आहे, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. डॉक्टर हो म्हणाले की आपल्या रानात खुशाल फिरवा. बाकी मुकादमाशी बोलणं, काट्याच्या पावत्या बघणं, ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार आहे?

तुमची कॉट सोप्यात खिडकीशी लावलीय, तिथून ट्रॅक्टर दिसतो. बंबाला लाकडं फोडून ठेवलीत. औषधाच्या थेंबांच्या वेळा कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहिल्यात. काळा चष्मा जेवतानाही काढायचा नाही, आणि शेजारी गप्पा मारायला जाताना तर मुळीच नाही.

बारक्याला सांगा: चार-पाच तास चालवल्यावर मागच्या चाकाचे नट पुन्हा आवळ. तेल सपाट जागेवर उभा करूनच बघ, खुणेपर्यंतच. ब्रीदर दर महिन्याला पूस. रस्त्यावर निघताना ब्रेकच्या दोन्ही पायट्या जोडणारी पट्टी लाव, शेतात वळताना काढ. त्याला सांगायचं, स्वतः खाली शिरून दाखवायचं नाही. आई, लक्ष ठेव.

जुनं सील कोनाड्यात कागदात गुंडाळून ठेवलंय. तुम्ही मागणार हे माहीत होतं. डोळा बरा झाला की उजेडात बघा, आणि मिस्त्रींनी बरोबर केलंय का ते मला फोन करून सांगा.

तुमची,
चिमी