ती ट्यूब

चि. संकेत यास अनेक आशीर्वाद.

परवा तू गेल्यावर तुझी गादी उन्हात टाकायला उचलली, तर खाली खाजेच्या मलमाची ट्यूब सापडली. मागून गुंडाळत गुंडाळत पार तोंडापर्यंत पिळलेली. तेव्हा कळलं, यात्रेचे चार दिवस तू विहिरीवर का आला नाहीस. पोरं हाका मारत होती आणि तू म्हणालास पाय दुखतोय. फोनवर हे बोलता येत नाही, तुझ्या खोलीत सहा जण. म्हणून लाडवांच्या डब्यात ही चिठ्ठी. आईला काही सांगितलेलं नाही.

रागवायला लिहीत नाही. एवढंच सांगायचंय, ती ट्यूब पुन्हा घेऊ नकोस.

चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. चार औषधांची नावं, त्यात क्लोबेटासोल. ते स्टेरॉईड. लावलं की दोन दिवसांत खाज बसते, लाली उतरते, देव पावल्यासारखं वाटतं. पण खाज आणणारी आतली बुरशी जात नाही. स्टेरॉईडने कातडीची ताकद दबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. सोडली की दुप्पट खाज, मग दुसरी ट्यूब. जांघेची कातडी मुळात नाजूक. महिनोन्‌महिने लावत राहिलं तर ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते, लाल पट्टे पडतात, आणि ते पट्टे मग कधीच जात नाहीत. माझे अजून आहेत. २०१८ साली सरकारने नियम केला, असली मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मेडिकलमध्ये नुसतं "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की पुड्यात बांधून देतात.

मी तेव्हा पंढरपूर-मुंबई एसटी चालवायचो. रेक्झिनची सीट, शेजारी इंजिनची धग, खाकी पॅन्ट रात्रभर घामाने ओली. मुक्कामाला तिघांत एक पंचा. आधी जांघेत रुपयाएवढा चट्टा आला, कडा उठलेली, मधे साफ. बघता बघता कंबरेपर्यंत गेला. तुझ्या ट्यूबच्याच भावकीतली एक मी दोन वर्षं लावली. घरी माझा पंचा दोरीवर सगळ्यांच्या कपड्यांत. एक दिवस तुला आंघोळ घालताना तुझ्या पोटावर तसाच गोल दिसला. दीड वर्षाचा होतास. आजीने तुझ्या आईला बोल लावला, पोराला धड स्वच्छ ठेवता येत नाही म्हणून. मी दाराशी उभा होतो. माझ्यामुळे झालंय हे माहीत होतं, आणि मी गप्प राहिलो. हे लिहायचं नव्हतं, लिहून गेलो.

शेवटी सोलापूरला चामडीच्या डॉक्टरांकडे गेलो. पॅन्ट उतरवायला लागली तेव्हा मान वर होईना. त्यांना काहीच विशेष वाटलं नाही. चट्ट्याची कड खरवडून काचेवर घेतली, बघितली आणि म्हणाले, गजकर्ण आहे, ट्यूबने बिघडवलंय. गोळ्या दिल्या आणि साधं बुरशीचं मलम, चट्ट्याच्या बोटभर बाहेरपर्यंत लावायचं. चट्टा दिसेनासा झाला तरी ते सांगेपर्यंत औषध चालू ठेवायचं. माझे तीन महिने गेले. तुला आणि आईलाही औषध द्यावं लागलं.

तू सकाळी सोळाशे मीटर पळतोस आणि त्याच ओल्या कपड्यांत क्लासला बसतोस, मला माहीत आहे. पळून आलास की धू, जांघ कोरडी पूस, मगच कपडे घाल. अँटिसेप्टिक ओतू नकोस, त्याने कातडी आणखी सोलते. पंचा स्वतःचा ठेव. चड्ड्या गरम पाण्यात धुऊन उलट्या करून उन्हात वाळव, खोलीतल्या दोरीवर नको. पुन्हा व्याख्यान झालं, माफ कर. तू सव्वापाच मिनिटांत पळालास हे मी डेपोतल्या प्रत्येकाला सांगितलंय, कंट्रोलरसाहेबांना तर दोनदा.

मी काही डॉक्टर नाही. गजकर्ण नसेलही. रात्री जास्त खाजत असेल, बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल, तर खरूज असू शकते. मग खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध लागतं, लपवून भागत नाही. लघवीच्या जागेची पुढची कातडी लाल होऊन चिरत असेल, पांढरा थर धरत असेल, तर साखर तपासून घे. माझी साखर तशीच कळली. लघवीच्या जागी आग होते म्हणून गेलो आणि रक्त तपासायला पाठवलं. नानांच्या पायाचं काय झालं ते तू पाहिलंस. आणि फोड असेल, जखम असेल, तर कारण मी विचारणार नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक म्हणजे गुप्तरोगांचा दवाखाना असतो, तिथे तपासणी फुकट होते आणि नाव बाहेर जात नाही. पण जा. ट्यूबने दाबून ठेवू नकोस.

ती रिकामी ट्यूब कागदात गुंडाळून डब्यात ठेवलीय. डॉक्टरांना दाखव, काय लावलं आणि किती दिवस ते खरं सांग. बंद केल्यावर काही दिवस खाज वाढेल, तेव्हाच हात पुन्हा मेडिकलकडे जातो. त्या आधी डॉक्टर गाठ. लाडवांखाली चार कॉटनच्या चड्ड्या आणि दोन पंचे आहेत. शिवणीवरून इस्त्री फिरवलीय. आईने विचारलं, आज तुम्ही कसली इस्त्री करताय. काही बोललो नाही. रात्री सांगणार आहे तिला. तुझं नाही. माझं, त्या पंच्याचं.

तुझे
अण्णा

ता. क. सोमवारी माझी सुट्टी आहे. म्हणालास तर पहिल्या गाडीने येतो. आत येणार नाही, बाहेर बाकावर बसेन.