शॉवरआधी बोर्ड बघ

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परभणीच्या खोलीत न्हाणीतल्या शॉवरला तीन लिटरचा इन्स्टंट गिझर जोडलाय, पाणी कोमटच येतं आणि आतून कडकड आवाज येतो, असं तू कळवलंस. कोमट पाण्याचं नंतर सांगतो. आधी मीटरजवळचा बोर्ड उघडून बघ.

एमसीबींच्या, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचांच्या रांगेत ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असलेला एक स्विच दिसतो का? तो आरसीसीबी. त्यावर ३० एमए, म्हणजे ३० मिलिअँपिअर, हा आकडा हवा. जुन्या घरांत तो बहुधा नसतोच. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला नाही. गिझरची कॉइल फुटून पाण्यात करंट उतरला तरी एमसीबी निवांत चालू राहू शकतो. आरसीसीबी गळती ३० मिलिअँपिअरला पोचेपर्यंत लाईन तोडतो. ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबायचं, लाईट गेलीच पाहिजे. इन्स्टंट गिझरवर शॉवर घेताना वीज चालू ठेवावीच लागते, म्हणजे कॉइलला करंट आणि अंगावर तेच पाणी. म्हणून आरसीसीबी बसेपर्यंत शॉवर नको. गरम पाणी बादलीत काढ, स्विच बंद कर, पिनटॉप (प्लग) उपस आणि मगच आंघोळ कर.

आरसीसीबीसोबत अर्थिंगही, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी वायर आणि पुरलेला पाइप, लागतंच. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल जाते आणि अर्थिंगच्या पाइपाची मातीशी पकड सुटते. वायरमनला अर्थ टेस्टर लावून ओहम मोजायला सांग, ५ च्या आत आले तर उत्तम. नुसत्या मल्टिमीटरनं फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्ट दिसले म्हणून अर्थिंग भक्कम ठरत नाही. होळीपासून मृग लागेपर्यंत आठवड्याला बादलीभर पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात ओतत जा.

गिझर ३ किलोवॉटचा असेल तर १३ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट, निदान २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर कधीच लावू नकोस. वापरानंतर पिनटॉप हाताला चटका देत असेल किंवा सॉकेटचं भोक तपकिरी पडलं असेल, तर आतली पकड ढिली झालीय. दोन्ही बदलून घे.

आता कोमट पाण्याचं. ३ किलोवॉटची कॉइल मिनिटाला दोन लिटर पाणी जेमतेम २१ अंशांनी तापवते, तीन लिटर सोडलंस तर १४ अंशच. परभणीच्या थंडीत टाकीतलं पाणी १८ अंशांचं धरलं, तरी धार बारीक ठेवल्याशिवाय ते ३९ पर्यंत जात नाही. लिटरचं माप धरून मिनिटाला किती पाणी पडतं ते आधी मोज. धार बारीक करूनही कोमटच आलं, तर दोष पाण्यातल्या क्षाराचा असू शकतो. कडकड आवाजही त्याचाच: कॉइलवर खडूसारखा थर चढतो, थराखाली अडकलेलं पाणी उकळून फुटतं. आत कॉइल जास्त तापते आणि शेवटी तडकते. बोअरचं पाणी असेल तर दिवाळीआधी एकदा आणि थंडी संपल्यावर एकदा गिझर साफ करायलाच हवा.

मेन बंद, पिनटॉप बाहेर, गिझर थंड होऊ दे. पाण्याचा कॉक बंद करून दोन्ही नळ्या सोड आणि गिझर भिंतीवरून उतरव. नळ्यांची तोंडं वर येतील असा उलटा उभा कर. तीन लिटर कोमट पाण्यात १५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, विरघळव आणि नरसाळ्यानं तोंडापर्यंत भर. उलटं ठेवल्यावर कॉइलचं बूड वर येतं, म्हणून अर्धवट भरून उपयोग नाही. वायरिंगची बाजूही वरच येते, तिथं फडकं गुंडाळ. तोंडं बुचानं बंद करू नकोस, क्षार विरघळताना वायू सुटतो. दोन-तीन तासांनी, बुडबुडे थांबले की ओतून दे, साध्या पाण्यानं चारदा खळखळून घे. वायरिंगची बाजू पूर्ण वाळल्याशिवाय आणि टाकी पाण्यानं भरल्याशिवाय वीज लावायची नाही. संडास धुवायचं ॲसिड मात्र आत घालू नकोस, तांब्याची कॉइल आणि टाकी दोन्ही खातं.

शॉवरची चाळणी काढून निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर यात तासभर ठेव आणि भोकं सुईनं मोकळी कर. परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे दे. गिझरच्या इनलेटला जाळी असेल तर तीही धू, बोअरची रेती तिथंच अडकते.

गिझरचा दिवाच लागत नसेल तर मेन बंद करून खालचं झाकण काढल्यावर बहुतेक गिझरमध्ये कटआउटचं, म्हणजे गिझर फार तापला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, लाल बटण असतं. ते एकदाच दाब. पुन्हा उडालं तर थर्मोस्टॅट चिकटलाय किंवा कॉइल कोरडी तापलीय, ते काम वायरमनचं. कोरडी तापण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे लाईट गेली, स्विच चालूच राहिला, तोवर टाकी रिकामी झाली आणि लाईट परत आली. म्हणून लाईट गेल्याक्षणी स्विच बंद. दिवे अचानक फार लख्ख झाले तर लगेच मेन पाड. डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रलची वायर तुटली की असं होतं. नळाला हात लावून झिणझिण्या आल्या तर परत हात लावून बघत बसू नकोस, मेन बंद करून वायरमन बोलाव.

गरम होताना प्रेशर व्हॉल्व्हमधून थेंब पडले तर घाबरू नकोस, तापलेलं पाणी फुगतं ते तिथून निघतं. थेंबांमुळं कुणी तो बंद करायला निघालं तर करू देऊ नकोस.

वायरमनला सांगायचं ते असं: दोन पोलचा, ४० अँपिअरचा, ३० एमएचा, आयएसआय मार्क असलेला आरसीसीबी. घरमालक पैसे देत नसेल तर मी पाठवतो, त्यासाठी थांबू नकोस. बोर्डाचा आणि सॉकेटचा फोटो आजच पाठव.

तुझे बाबा