मुलींकडे पास आहे, गाडी नाही

महोदय,

मी औसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. मुलांच्या शिक्षणासाठी लातूरला राहते, त्यामुळे रोज एका बाजूने 34 किलोमीटर अपडाऊन. पहिली नऊ वर्षे एसटीनेच केले. पावणेनऊला लातूरहून सुटलेली गाडी औशावरून दहाला पाच कमी असताना आमच्या शाळेपुढे उभी राहायची. आमची शाळा सातवीपर्यंतच. आम्ही उतरलो की तीच गाडी वळायची आणि आठवीपुढच्या मुलींना घेऊन औशाला जायची. संध्याकाळी मुली उतरायच्या आणि त्यांच्याच सीटवर आम्ही बसायचो.

चार वर्षांपूर्वी आम्ही चौघा शिक्षकांनी मिळून मोटारीने जाणे सुरू केले. गाडीला अधूनमधून उशीर व्हायचा, हे खरे आहे. पेट्रोलचा वाटा प्रत्येकी पावणेतीन हजारांच्या घरात जातो, तोही आम्ही सोसला. मग बँकेतले दोघे, ग्रामसेवक, उपकेंद्रातल्या सिस्टर असे एकेक करून सगळेच एसटी सोडत गेले. येताना गाडी रिकामी येऊ लागली, भारमान घसरले आणि फेरी बंद झाली. आमच्यापैकी कोणालाच त्याचे काही वाटले नाही. मलाही नाही.

गेल्या जूनमध्ये फाट्यावर माझी जुनी विद्यार्थिनी दिसली. आता नववीत आहे. गावातून तीन किलोमीटर चालत आलेली. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो. तिचाही होता, पावसात भिजू नये म्हणून दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून कंपासपेटीत ठेवलेला. "बाई, गाडीच येत नाही हो," म्हणाली. तेवढ्यात काळीपिवळी आली. आत जागा नव्हती, तरी ही मागच्या पायरीवर एक पाय ठेवून, दाराला धरून गेली. वीस रुपये देऊन. आमच्या मोटारीत एक सीट रिकामी होती, पण आम्ही गावाकडे निघालेलो आणि तिला जायचे औशाला. एसटी आम्हाला सोडून तिच्यासाठी परत फिरायची. आमची मोटार दिवसभर शाळेच्या लिंबाखाली उभी असते.

तिच्या वर्गातली एक मुलगी आठवीनंतर घरीच बसली. "काळीपिवळीत गड्यामाणसांच्या गर्दीत लेकरू कसं पाठवावं?" असे तिची आई मला म्हणाली. मी त्या माउलीला काय उत्तर देणार होते?

महिलांना 17 मार्च 2023 पासून एसटीत अर्धे तिकीट आहे. पुरुष सहकाऱ्यांना मासिक पासात 20 दिवसांच्या भाड्यात 30 दिवस जाता येते. आगारात विचारले तेव्हा सांगण्यात आले की, कायमचे प्रवासी दाखवा, फेरीचा विचार करू. म्हणून या मार्गावर नोकरीला येणाऱ्या आम्हा 19 जणांची यादी मी केली. त्यातल्या 11 जणांनी रोज एसटीनेच येऊ असे लिहून सही दिली आहे. पहिली सही माझी आहे. उरलेल्या आठ जणांनीही सही करावी, आणि आगाराने शाळा सुरू होण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात पावणेनऊची फेरी सोडावी, ही विनंती.

– एक शिक्षिका, लातूर