युनायटसचा उजवा हात

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी कॉलवर तू फोन समोर टेकवून ठेवला होतास आणि डाव्या हातानं पोहे खात होतास. विचारलं तर म्हणालास, "बोट जरा मुरगळलंय, काही नाही गं." बावीस वर्षं मी लोकांच्या हातांवरच काम करतेय रे. हे 'काही नाही' मी रोज ऐकते.

आठ वर्षांचा होतास तेव्हा बाबांनी तुला बाल्टिमोरच्या स्टेडियमबाहेर जॉनी युनायटसचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या नावाजलेल्या क्वार्टरबॅकचा (चेंडू फेकून संघाची चाल चालवणाऱ्या खेळाडूचा) पुतळा दाखवायला नेलं होतं. पिंडीच्या दर्शनाआधी आपण नंदीला हात लावतो, तसे लोक मॅचआधी त्याच्या बुटाला लावतात. तूही लावलास. त्याची गोष्ट तुला बाबांकडून पाठ आहे. 1955 मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स संघानं त्याला खेळाडू-निवडीच्या नवव्या फेरीत घेतलं आणि सराव सामन्यात एकही पास टाकू न देता घरी पाठवलं. मग बांधकामावर मजुरी, आणि ब्लूमफील्ड रॅम्स या छोट्या संघाकडून एका सामन्याचे सहा डॉलर. पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सनी घेतलं, तर बेअर्सविरुद्धचा त्याचा पहिलाच पास समोरच्यानं पकडून थेट टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलपट्ट्यात नेऊन गुण मिळवले! आणि 28 डिसेंबर 1958, यांकी स्टेडियम, लीगच्या विजेतेपदाचा सामना. तीन गुणांनी मागे, जेमतेम दोन मिनिटं उरलेली, चेंडू आपल्याच 14 यार्डांवर. सहकारी रेमंड बेरीला ओळीनं तीन पास, 62 यार्ड. सात सेकंद उरले असताना बरोबरी, मग जादा वेळेत 80 यार्ड चाल करून 23–17. कुठली चाल खेळायची हे तेव्हा क्वार्टरबॅकच मैदानात ठरवायचा. इथवर आलं की बाबा सोफ्यावरून उठून उभेच राहतात.

पुढचं बाबा सांगत नाहीत, म्हणून मी लिहितेय.

त्याच मोसमात त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या, फुप्फुसाला इजा झाली होती. दोन सामने बाहेर बसला आणि परत उतरला. लोक याचं कौतुक करतात. माझ्या मात्र पोटात गोळा येतो. मग 1968 मध्ये मोसम सुरू व्हायच्या आधीच्या सामन्यात उजव्या कोपराला जबर मार बसला. तरी 1973 पर्यंत खेळला, शेवटचं वर्ष सॅन दिएगोकडून. म्हातारपणी त्या हाताची बोटं त्याचं ऐकत नव्हती. गोल्फ खेळायचा तेव्हा डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक करून काठीभोवती मिटायचा आणि वरून व्हेल्क्रोचा पट्टा आवळायचा. ओळीनं 47 सामन्यांत टचडाउन पास टाकणारा हात हा! लीगच्या अपंगत्व योजनेकडे त्यानं अर्ज केला, तोही नामंजूर झाला. 2002 मध्ये व्यायाम करतानाच गेला, 69 वर्षांचा होता.

खेळू नकोस असं मी म्हणत नाहीये. तसं म्हटलं तर बाबा माझ्याशी बोलणार नाहीत. पण समोरच्याची जर्सी ओढताना बोट अडकलं ना, तर बोटाचं टोक वाकवणारा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटतो. दुखणं दोन दिवसांत कमी होतं आणि पोरांना वाटतं, झालं बरं. तुटलेला टेंडन तोवर तळव्याकडे आखडत जातो. आठवडा-दहा दिवसांत टाके पडले तर ठीक, फार उशीर झाला तर सर्जनही हात टेकतात. कोचनं टेप बांधून दिली म्हणजे उपचार झाला असं नाही.

मधलं पेर डाव्या हातानं सरळ दाबून धर आणि फक्त शेंडा वाकव. वाकला नाही तर त्याच दिवशी हाताच्या डॉक्टरकडे जायचं, शनिवारची मॅच असली तरीही. वाकला तरी एक्स-रे काढायचाच.

बेसनाचे लाडू कुरियर केलेत, गुरुवारी पोचतील. फिरकीच्या झाकणाचा तो जुना डबा आहे, झाकण मी मुद्दाम घट्ट लावलंय. उजव्या हातानं उघड. नाहीच उघडलं तर रूममेटकडून उघडून घे आणि मला लगेच फोन कर.

तुझी,
आई