जेवायला नाही, हे आधी कळवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला घरच्या अन्नाच्या नासाडीवरचा लेख वाचला. रात्री झोपेपर्यंत तो डोक्यातून गेला नाही, म्हणून आज लिहायला बसले. दहा सूचना, आणि दहाही 'गृहिणींनी' अशाच सुरू होतात. गृहिणींनी आठवड्याचा बेत ठरवावा, मोजून शिजवावं, फ्रिज आवरावा. अहो, चाळीस वर्षं मी मोजूनच शिजवते आहे. कोण किती पोळ्या खाणार हे विचारल्याशिवाय परातीत पाणी घालत नाही. तरी माझ्या घरात अन्न उरतं, आणि का उरतं याबद्दल लेखात एक ओळ नाही.

गेल्या गुरुवारचंच सांगते. सकाळी विचारलं तेव्हा पाचही जण रात्री जेवायला होते. मंडईतून भरताचं मोठं वांगं आणलं, भाजलं, वर कांद्याची पात चिरून घातली. ज्वारीच्या नऊ भाकऱ्या थापल्या. शेवटची तव्यावर होती तेव्हा बेल वाजली. दारात पार्सल! लेकाने ऑफिसातून निघतानाच मोबाइलवरून तिघांसाठी मागवलं होतं. "आई, तुझं राहू दे, उद्या खाऊ." दुसऱ्या दिवशी सूनबाईंच्या ऑफिसची पार्टी निघाली आणि लेकही बाहेरच जेवून आला. भाकऱ्या आम्ही दोघांनी ताकात कुस्करून कशाबशा संपवल्या. शनिवारी भरीत फ्रिजमधून काढलं तर त्याला पाणी सुटलेलं आणि आंबूस वास. पार्सलमधलंही निम्मं तसंच पडलं होतं. दोन्ही मीच ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकलं.

बहात्तरच्या दुष्काळात मी तिसरीत होते, करमाळा तालुक्यात. वडील खडी फोडायच्या कामावर, तिथे सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लालसर भाकरी. आई परातीला चिकटलेलं पीठ धुऊन ते पाणी आमटीत ओतायची. शनिवारी बादलीचं झाकण लावताना मला ती परात दिसत होती.

लेखात संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालातला आकडा दिला आहे. भारतात घरोघरी माणशी वर्षाला 55 किलो. म्हणजे आम्हा पाच जणांचे पावणेतीनशे किलो, रोजचे पाऊण किलो. पण त्यात केळीची सालं, आंब्याच्या कोयी, हाडं असा न खाण्याजोगा भागही धरलेला असतो, हे लेखकाने सांगायला हवं होतं. आमच्या घरची सालं मी मोजायला तयार आहे. भरीत मात्र त्यात जायला नको होतं.

नवव्या सूचनेने तर फारच वाईट वाटलं. 'उरलेलं अन्न कामवाल्या बाईंना द्यावं.' त्या स्वतःच्या घरी ताजं रांधून कामाला येतात. आपल्याला नको झालेलं त्यांनी का खावं? आणि उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात तर कुणालाच देऊ नये. त्यात जंतूंनी तयार केलेलं विष फोडणी देऊनही जात नाही.

माझी विनंती एवढीच, की पुढचा लेख जेवणाऱ्यांसाठी लिहा. बाहेर जेवणार असाल तर दुपारी चारच्या आत घरी फोन करा. घरात स्वयंपाक झालेला असताना पार्सल मागवू नका. शिजवणारीचं नियोजन हे खाणाऱ्याच्या शब्दावर चालतं, आणि तो शब्द पाळला गेला नाही तर तिने कितीही मोजलं तरी उपयोग नाही.

जाता जाता आणखी एक. त्याच पुरवणीत मागच्या पानावर दोडक्याच्या भाजीची कृती आहे, तिची पहिलीच ओळ 'दोडक्याच्या शिरा काढून टाकाव्यात' अशी आहे. त्या शिरा बारीक चिरून थोड्या तेलावर कुरकुरीत परताव्यात, त्यात तीळ, सुकं खोबरं, हिरवी मिरची आणि मीठ घालून जाडसर वाटावं. पुढच्या रविवारी ही चटणी छापावी.

आपली,
एक वाचक, पुणे